दोनदा नाकारलेलं रक्त

माझ्या हातून आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिले गेलेले दोन शब्द म्हणजे ‘नमुना नाकारला’. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौतीस वर्षं टेक्निशियन होते. त्यातली शेवटची वीसेक वर्षं रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर गेली. माझं आडनाव गांगुर्डे, पण जिल्ह्यातली सगळी कलेक्शन सेंटरं मला ‘रिजेक्ट मॅडम’ म्हणायची. ते मला ठाऊक नाही असा त्यांचा समज होता. एकदा निफाडहून फोन आला, “रिजेक्ट मॅडम आल्या का हो?” मी म्हटलं, “बोलतेय.” पलीकडून फोन खाली आदळल्याचा आवाज आला.

आता नाकारायचं कशासाठी, ते सांगते. रक्त काढताना तुम्ही पाहिलं असेल, नळ्यांना रंगीबेरंगी टोप्या असतात. ज्याला टोचलंय तो त्या वेळी डोळे मिटून बसलेला असतो म्हणा. त्यातली निळ्या टोपीची नळी माझी. तिच्यात आधीपासून एक औषध असतं, ते रक्ताला गोठू देत नाही. ते मोजून घातलेलं असतं, म्हणून नळीवर एक रेघ असते आणि रक्त बरोबर त्या रेघेपर्यंत हवं. कमी भरलं तर तेवढ्याशा रक्ताला ते औषध जास्त होतं. मग मशीन सांगतं की या माणसाचं रक्त वेळेत गोठत नाही. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट आजारी!

एका बहाद्दराने तर कमाल केली होती. निळी नळी भरली नाही म्हणून त्याने शेजारच्या जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त ओतून रेघ गाठली. जांभळीतलं औषध वेगळं. लग्न ठरलेली चांगली धट्टीकट्टी मुलगी, पण त्या नळीने तिला रक्त गोठवणाऱ्या चार-चार गोष्टींची कमतरता असल्याचं दाखवलं. आकडे मला जुळेनात, म्हणून मी त्याला फोनवर खोदून खोदून विचारलं. तो निरागसपणे म्हणाला, “मॅडम, तुम्हीच तर म्हणता ना, रेघेपर्यंत पायजे?” त्यावर काय बोलणार, कप्पाळ! पण त्या दिवसापासून मी जास्तच कडक झाले. नळीच खोटी असेल तर रिपोर्ट खरा येणार कुठून, हे माझं ब्रीद. त्याचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा माजही होता.

तो उतरवला येवल्याच्या आबांनी.

एका मंगळवारी येवल्याच्या एसटीने नमुन्यांचा डबा आला. त्यात एक निळी नळी होती. काशिनाथ आबा, वय सत्तरच्या आसपास, हाताला सूज, ऑपरेशनआधीची तपासणी. नळी अर्धी रिकामी. मी मशीनला लावायच्या भानगडीतही पडले नाही. नमुना नाकारला, पुन्हा पाठवा. बुधवारी दुसरी आली. थोडी बरी, पण रेघेच्या खालीच. या वेळी मी एकदा लावून पाहिली. साधारण पस्तीस सेकंदांत गोठायला हवं ते नव्वदच्या पुढे गेलं. मी मनाशी म्हटलं, बघा, कमी भरली की असं होतं. नमुना नाकारला. वर त्या सेंटरवाल्याला फोन करून दोन मिनिटं झाडलं आणि समाधानाने जेवणाचा डबा उघडला.

गुरुवारी सकाळी नऊला लॅबच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, उजवा हात उपरण्याच्या झोळीत. बरोबर तिशीतली एक बाई, हातात औषधांची गच्च भरलेली पिशवी. बाई म्हणाली, “ताई, तुम्ही दोनदा रक्त परत पाठवलं. म्हनून आता मानूसच आनला.”

ती रंजना, आबांची सून. आबा पैठणी विणणारे. नवरा माल घेऊन परगावी गेलेला, म्हणून हीच सासऱ्याला घेऊन पहाटेच्या गाडीने निघाली होती.

आबांनी झोळीतून हात काढला. कोपरापासून मनगटापर्यंत हात टम्म सुजलेला, वर जांभळा-काळा डाग. मानेवर एक डाग, पाठीवर दोन, मांडीवर तर ताटाएवढा. मी दोन दिवस नळीकडे पाहत होते. या माणसाचा हात त्याच दोन दिवसांत फुगत होता. नळी खोटी होती हे खरंच, पण नळी खोटी आहे म्हणून आजारही खोटा, हे मला कोणी सांगितलं होतं?

“बोटं कळतात का आबा?”

“करंगळी नि तिच्याशेजारची झोपलीत. मागावर बोटं झोपून कसं चालायचं? म्या दोन म्हयनं झाले बसलोच नाय.”

मी स्वतः रक्त घेतलं. बारीक सुई, दुसरा हात, रेघेपर्यंत भरलेली नळी. टोचलेल्या जागी कापूस धरून बसले. एरवी दोन मिनिटं पुरतात, इथे पंधरा मिनिटं झाली तरी कापूस लाल होत होता. दाबून धरता धरता मी आमचे ठरलेले प्रश्न विचारायला लागले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कावीळ झाली होती का? रंजनाने पिशवीतली एकेक गोळी टेबलावर मांडली. सगळं नीट बांधलेलं, कुठली सकाळची, कुठली रात्रीची. तशातली एकही गोळी नव्हती. मग मी पुढचा प्रश्न विचारला, “घरात उंदराचं औषध ठेवता का?”

हा प्रश्न आमच्याकडे जिऱ्या-मोहरीइतका नेहमीचा. उंदराच्या काही औषधांनी रक्त गोठायचं थांबतं आणि कांद्याच्या चाळी असलेल्या भागात ते घरोघरी असतं. पण रंजनाचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूच म्हणाली, “ताई, तुमी पन?”

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या आणि त्या ‘पन’चा अर्थ मला कळला. आबांची लेक, अलका, नाशिकलाच सिडकोत दिलेली. सर्जन तिनेच गाठून दिला होता. आल्या आल्या तिने वडिलांच्या मानेवरचा डाग पाहिला, मग भावजयीकडे पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, हे डाग कसले ते तुम्हीच सांगा. पाठीवर, मानेवर कोणी आपोआप पडतं का? येवल्याला गल्लीत सगळे बोलतात, सून मारते, जेवणात काहीबाही घालते.”

“अलके, गप ऱ्हा,” आबा म्हणाले.

“तुम्ही तिलाच पाठीशी घाला.”

रंजना औषधाच्या पट्ट्या परत पिशवीत भरत राहिली. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी कामाला लागते.

दहा वाजता पहिला निकाल आला. रक्त गोठण्याच्या दोन मुख्य चाचण्या असतात. एक अगदी नॉर्मल, दुसरी पुन्हा नव्वदच्या पुढे. उंदराच्या औषधाने पहिली चाचणी आधी बिघडते. मी मशीनपुढून उठून थेट बाहेर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “रंजनाताई, उंदराच्या औषधाचा विषय संपला. तसलं काही नाही.” अलकाने तोंड वाकडं केलं. पण मान हलली, हेही मी पाहिलं.

पुढची पायरी मिसळण्याची. हे कळलं की आमचा अर्धा धंदा कळला. रोग्याच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, अर्धं आणि चांगल्या माणसांचं अर्धं असं एकत्र करायचं. चांगली माणसं म्हणजे आमचाच स्टाफ. आमचा वॉचमन नामदेव दर वेळी सगळ्यात आधी बाही वर करून हजर, कारण त्याच्या मते नॉर्मल असल्याचं सरकारी नसलं तरी सर्टिफिकेटच ते. रोग्यात एखादी गोष्ट नुसती कमी असेल तर ती नामदेवकडून मिळते आणि मिश्रण वेळेत गोठतं. पण रोग्याच्या रक्तात त्या गोष्टीचा वैरीच बसला असेल तर तो नामदेवचीही गोष्ट खाऊन टाकतो.

मी मिसळलं. एकोणचाळीस सेकंद. म्हणजे जवळजवळ नॉर्मल. कमतरता, आणखी काय? सर्जनचा फोन आलाच. माणूस सज्जन, पण घाईत. “गांगुर्डे मॅडम, बोटं बधिर होताहेत. आतला दाब वाढतोय. मी एक वाजता टेबल लावलंय. कमतरता असेल तर प्लाझ्माच्या पिशव्या देतो आणि हात उघडून साफ करतो. एवढं सांगा, मिसळल्यावर दुरुस्त झालं ना?”

झालं होतं. ‘हो’ म्हणायला एक अक्षर लागतं. पण माझ्या डोळ्यांपुढे नांदगावचे ड्रॉइंग मास्तर उभे राहिले.

ते पुष्कळ वर्षांपूर्वीचं. त्यांच्याही मांडीला अशीच सूज होती. मी मिसळलं, लगेच दुरुस्त झालं आणि अर्ध्या तासात रिपोर्ट दिला. त्या काळी वेळेवर रिपोर्ट देण्यात माझा हात कोणी धरत नसे. डॉक्टरांनी कमतरता समजून सूज उघडली. नंतर ते रक्त काही केल्या थांबेना. शेवटी मुंबईला नेलं, तिथे खरा आजार कळला. मास्तर वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. वर्षाने काठी टेकत लॅबमध्ये आले. मी मान खाली घालून उभी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “बाई, तुमचा रिपोर्ट मात्र अगदी वेळेवर आला होता.” हे वाक्य मी विसरले नाही, विसरणारही नाही.

कारण हा वैरी आळशी असतो. लगेच काम करत नाही. चांगल्या दुधात नासक्या दुधाचा थेंब पडला तर त्या क्षणी दूध चांगलंच दिसतं ना? कळतं ते चुलीवर ठेवल्यावर. तसं हे मिश्रण अंगाच्या उबेइतक्या गरम पाण्यात दोन तास ठेवावं लागतं आणि मग पुन्हा मोजावं लागतं. म्हातारपणी, कधी बाळंतपणानंतरही, शरीर स्वतःच्याच रक्तातली गोठवणारी गोष्ट परकी समजून तिच्यावर उठतं. जन्मभर ज्याला साधी जखमही नडली नाही त्याच्या अंगावर कारण नसताना डाग उमटायला लागतात. अशा माणसावर सुरी चालवली की संपलं.

मी फोनवर म्हटलं, “सर, मला दोन तास द्या.”

“दोन तासांत बोटं गेली तर?”

तोच तर खरा फास होता. थांबलो तर उजवा हात जाऊ शकतो, आणि थांबलो नाही तर हाताबरोबर माणूसही. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना बोलावलं. ते स्वभावाने इतके सावध की ‘आज ऊन आहे’ असं न म्हणता ‘ऊन असावं’ म्हणतात. त्यांनी आकडे पाहिले, आबांची मांडी पाहिली, फोन घेतला आणि म्हणाले, “थांबा. तसंही तुमचं टेबल एकलाच आहे. त्याच्या आधी मी सांगतो.” इतकं स्वच्छ वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

साडेदहाला नळ्या गरम पाण्यात ठेवल्या. एरवी दोन तासांत मी साधारण दहा कामं उरकते. त्या दिवशी एकही जमलं नाही. बाहेर जाऊन बसले. आबांनी विचारलं, आत काय शिजतंय. मी दुधाचं उदाहरण दिलं. त्यांनी थोडा विचार केला.

“म्हंजे तार तुटली नि गाठ मारली, तर गाठ लगेच बरीच दिसती. धागा कुजका असल तर तान बसल्यावर कळतं.”

“अगदी बरोबर आबा.”

“मंग तान बसू द्या. घाई नाय.” सगळ्या लॅबमध्ये ज्याचा हात पणाला लागला होता, घाई नव्हती ती त्यालाच.

अलकाला मात्र दम धरवत नव्हता. “दोन तास नुसतं पाण्यात भिजवायचं? उपचार कधी करणार?” ती दर दहा मिनिटांनी विचारायची. नामदेवने चहा आणला. रंजनाने सासऱ्याच्या कपातला चहा बशीत ओतून, फुंकून, त्यांच्या डाव्या हातात दिला. दोन महिने ती हेच करत असणार, कारण दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही. अलका ते बघत होती. स्वतःचा चहा तिने तसाच थंड होऊ दिला.

साडेबाराला मी नळ्या काढल्या. नामदेवची एकट्याची नळी छत्तीस सेकंद. म्हणजे पाणी ठीक, मशीन ठीक, मीही ठीक. मग मिश्रण लावलं. चाळीस गेले. पन्नास गेले. आयुष्यात कुठल्या आकड्याची मी इतकी वाट पाहिली नव्हती, दहावीच्या निकालाचीही नाही. बहात्तरला मशीन थांबलं. मी खात्रीसाठी पुन्हा लावलं. एकाहत्तर.

“सर, खाल्लं!” मी जवळजवळ ओरडलेच.

सरांनी एकला सात मिनिटं कमी असताना फोन केला. “सुरी लावू नका. शरीरानेच तयार केलेला वैरी आहे. नुसत्या प्लाझ्माने भागणार नाही.” पलीकडून सर्जन म्हणाले, “टेबल रद्द करतो. आणि मॅडमना सांगा, सकाळी मी जरा चढ्या आवाजात बोललो.” पुढची सूत्रं रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे गेली. वेगळी इंजेक्शनं मागवली, वैरी दबवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आबांचा हात न कापता दवाखान्यात उशीवर ठेवला गेला.

पण त्या आधी, लॅबमधून निघताना, आबा काउंटरशी अडून बसले. “ते लिहून द्या.”

“रिपोर्ट मिळेल आबा.”

“तो नव्हं. हे डाग माराचे नाय, असं लिहून द्या.”

मी म्हटलं, “आबा, आमच्या रिपोर्टमध्ये तसा रकाना नसतो.”

“मंग पाडा.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेऱ्याच्या जागी त्यांनी मला लिहायला सांगितलं: ‘अंगावरील डाग या आजारामुळे येऊ शकतात.’ मी वाचून दाखवलं. आबांनी मान हलवली. “येऊ शकतात नाय. आले. अंग माझं हाय, मला ठावं हाय. माज्या सुनंनं मला दोन म्हयनं हातानं भरवलंय.” असा जन्माचा सावध माणूस, पण सरांनी वाक्य खोडून पुन्हा लिहवलं: ‘रुग्णाच्या अंगावरील डाग या आजाराचे आहेत, मारहाणीचे नाहीत, असे रुग्ण स्वतः सांगतात व तपासणीशी ते जुळते.’ खाली सही, शिक्का.

आबांनी तो कागद अलकाच्या हातात दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला. रंजना पिशवीची गाठ मारत पाठमोरी उभी होती. अलकाने तिच्या हातातली पिशवी घेतली. “दे इकडे. सकाळपासून तूच उचलतेयस,” एवढंच म्हणाली. रंजना तेव्हा रडली. दोन महिने ऐकून घेताना रडली नसेल, ती एका पिशवीपायी रडली. मी पण मग मशीन पुसायच्या निमित्ताने आत गेले.

आबांचे नमुने त्यानंतर कितीतरी आठवडे येत राहिले. आकडा कधी खाली, कधी पुन्हा थोडा वर. वैरी एका दिवसात हटत नाही. माझ्या निवृत्तीला शेवटचे चार दिवस उरले असताना येवल्याच्या गाडीने डबा आला. त्यात निळी नळी होती आणि नळीला रबराने एक चिठ्ठी बांधली होती. अक्षर वळणदार, शाळेतल्यासारखं.

‘ताई, नळी रेघेपर्यंत भरली आहे. मी भरेपर्यंत तिथे उभी होते. करंगळी अजून थोडी झोपते पण आबा मागावर बसतात. तुमचा कागद वन्संनी फ्रेम करून आणला आहे, मागाच्या वर लावला आहे. गल्लीतलं कोणी आलं की आबा आधी तो वाचायला लावतात, मग चहा. रंजना.’

नळी उजेडात धरली. रक्त रेघेला टेकलं होतं, ना केसभर खाली ना वर. मशीनला लावली. चौतीस सेकंद. दोन तासांनी पुन्हा पाहिलं, तेही नॉर्मल.

आमच्या रजिस्टरला शेऱ्याचा एकच रकाना आहे, नाकारलेल्या नमुन्यांसाठी. चांगल्या नमुन्यापुढे काही लिहायची पद्धत नाही. मी पेन उचललं आणि काशिनाथ आबांच्या नावापुढे चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं: ‘नमुना स्वीकारला.’ खाली सही केली.